मराठवाड्यातील इतिहासाचा तास : पूर्व-पश्चिमेच्या वादामागची पार्श्वभूमी

पूर्वेची संस्कृती आध्यात्मिक आणि पश्चिमेची भौतिक, ही मांडणी शालेय निबंधांतून इतकी रुळली आहे की ती कोणी आणि कशासाठी घडवली, हा प्रश्न वर्गात सहसा विचारला जात नाही. हिंदुस्थानच्या इतिहासापुरते बोलायचे तर अशा ठोकळेबाज विभागणीचा एक महत्त्वाचा उगम ब्रिटिश इतिहासकार जेम्स मिलने १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहे. मिल हिंदुस्थानात कधी आला नाही आणि येथील भाषाही त्याला येत नव्हत्या. तरीही हिंदू, मुस्लीम व ब्रिटिश ही त्याने केलेली कालखंडांची वाटणी पुढे पाठ्यपुस्तकांचा सांगाडा होऊन बसली. पहिले दोन कालखंड धर्माच्या नावाने आणि तिसरा तेवढा राष्ट्राच्या नावाने, ही विसंगती उघड होती. राष्ट्रवादी इतिहासकारांनी हिंदू संस्कृती मागासलेली असल्याचा मिलचा निवाडा उलटवला, परंतु त्यांच्यापैकी अनेकांनी सांगाडा तसाच ठेवला.

मराठवाड्याची भूमी या सांगाड्यात बसत नाही. वेरूळच्या भोसल्यांपैकी मालोजीराजे आणि शहाजीराजे अहमदनगरच्या निजामशाहीच्या चाकरीत होते. त्याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा जन्माने हबशी. त्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले आणि मोगलांना दीर्घकाळ रोखून धरले. या लढ्याला हिंदू-मुस्लीम किंवा पूर्व-पश्चिम यांपैकी कोणत्या रकान्यात घालायचे?

त्याच्याही मागे गेल्यास धाराशिव जिल्ह्यातील तेर लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजेच तेर, यांचा उल्लेख असून तेथून गाड्यांवर लादलेला माल भडोच बंदराला जात असल्याचे त्यात नमूद आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेली तशीच मूर्ती यांचे साम्य पाहताक्षणी जाणवते. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्याअर्थी तेथील मूर्ती त्यापूर्वीच समुद्रापार पोचली होती. ती नेणारा व्यापारी आपण पौर्वात्य आहोत, अशा भावनेने जहाजात चढला असेल असे वाटत नाही.

परकीय आणि स्वकीय पूर्वग्रह एकाच ठिकाणी कसे येऊन मिळतात, हे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील एका चित्रावरून कळते. सिंहासनावर बसलेल्या राजासमोर टोकदार टोप्या घातलेले दाढीवाले परदेशी उभे आहेत आणि ते त्याला मोत्यांचा सर भेट देत आहेत. भारतीय स्थापत्याचे ब्रिटिश अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये हे चित्र चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी आणि इराणचा बादशहा दुसरा खुस्रो यांच्या वकिलातीचे आहे, असे ठरवले. भारतीय कलाकृतीचा काळ एखाद्या बाहेरच्या राजाच्या आधाराने निश्चित करण्याची युरोपीय अभ्यासकांची सवय यामागे होती. आमच्या पाठ्यपुस्तकांनी मात्र तोच निष्कर्ष अगदी वेगळ्या कारणासाठी आनंदाने उचलला : इराणचा वकील दख्खनच्या राजापुढे नम्रपणे उभा आहे, याहून गौरवाची गोष्ट कोणती! आता बहुतेक अभ्यासक हे लेणे वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानतात. पुलकेशी सातव्या शतकातला. त्यामुळे त्या प्रसंगाचा अर्थ बौद्ध कथांमध्ये शोधावा लागतो. तरीही ‘इराणी वकिलात’ हे नाव गाईडांच्या तोंडी आणि परीक्षेच्या उत्तरांत टिकून आहे.

मराठवाड्याच्या शिक्षणाची आणखी एक वेगळी बाजू आहे. ब्रिटिश मुलखातील मराठी मुलगा युरोपचा इतिहास इंग्रजीतून शिकत असताना हैदराबादच्या निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यातील मुलाकडे तो उर्दूतून येत होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले आणि त्याने पाश्चात्त्य ग्रंथ उर्दूत आणले. पाश्चात्त्य ज्ञान देशी भाषेत देण्याचा हा प्रयोग त्या काळात विलक्षणच होता, हे मान्य केले पाहिजे. मात्र बहुसंख्य मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलांची मातृभाषा त्यात वगळली गेली, हेही तितकेच खरे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, जिथे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते, ती याच कोंडीतून उभी राहिली. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले, तेव्हा त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला.

सप्टेंबर १९४८ मध्ये लष्करी कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे. पाठ्यपुस्तक बदलले आणि त्याबरोबर झुकावही बदलला. आता इतिहासाचे केंद्र पुणे-रायगडाकडे सरकले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाला त्या मानाने फारच थोडी जागा मिळाली. जी मिळाली तीत रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचे, अत्याचार योग्यच नोंदले गेले, परंतु लष्करी कारवाईनंतर धाराशिव, नांदेडसह अनेक जिल्ह्यांत मुस्लीम वस्त्यांवर जे कोसळले, त्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके जनतेसमोर आलाच नाही. राष्ट्रीय पूर्वग्रह अशा गाळण्यातूनही काम करतो, त्याला खोटे लिहावेच लागते असे नाही.

योगायोग असा की ज्या १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याच वर्षी युनेस्कोच्या दिल्ली अधिवेशनात पूर्व आणि पश्चिम यांच्या सांस्कृतिक मूल्यांची परस्परांना ओळख करून देणारा दहा वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला. त्याआधी, १९५१ मध्ये, फ्रेंच आणि जर्मन इतिहासकारांनी एकमेकांच्या पाठ्यपुस्तकांतील वादग्रस्त मुद्द्यांवर एकत्र बसून शिफारशी केल्या होत्या. त्या वाटेवरचे दोन्ही देशांचे सामाईक पाठ्यपुस्तक २००६ मध्ये निघाले.

मराठवाड्यात दोन्ही बाजू एकत्र ठेवून करायच्या अशा वाचनाला लागणारी साधने आजही विखुरलेली आहेत. येथील मोगलकालीन आणि आसफजाही, म्हणजे हैदराबादच्या निजामांच्या, दप्तरांचा मोठा भाग हैदराबादच्या अभिलेखागारात आहे आणि तो फारसी व उर्दूत आहे. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी मराठीबरोबर या दोन्ही भाषा जाणत असल्यामुळे एकाच घटनेचे दरबारी आणि मराठी वृत्तांत शेजारी ठेवून तपासू शकले. इतिहास शिकवणाऱ्या पदवीधराला आज फारसी, उर्दू किंवा मोडी यांपैकी एकही भाषा वा लिपी येण्याची सक्ती नाही.