प्रवाळ जलजीवालयातील प्रकाशयोजना

खाऱ्या पाण्याच्या घरगुती जलजीवालयात जिवंत प्रवाळ पाळण्यासाठी दिव्यांचा प्रकार, वर्णपट, तीव्रता व प्रकाशकाल ठरविण्याची पद्धती. प्रवाळ हा प्राणी असला, तरी प्रवाळभित्ती बांधणाऱ्या बहुतेक जातींच्या ऊतींत एककोशिक शैवले सहजीवी म्हणून राहतात व प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानास देतात. त्यामुळे दिव्याची निवड ही मुळात प्रवाळाच्या अन्नाचीच निवड ठरते. नारिंगी ट्युबॅस्ट्रिया प्रजातीस सूर्यप्रवाळ म्हणतात, परंतु तिच्यात अशी शैवले नसतात. तिला दिवा नव्हे, तर नियमित भरविणे लागते.

या शैवलांना सिंबायोडिनियम मायक्रोअ‍ॅड्रिअ‍ॅटिकम हे नाव १९६२ मध्ये मिळाले व पुढे बराच काळ ती एकाच जातीची मानली गेली. रेणवीय अभ्यासानंतर त्यांचे गट पाडण्यात आले आणि २०१८ मध्ये सिंबायोडिनिएसी कुलात अनेक प्रजाती वेगळ्या केल्या गेल्या. हा केवळ नामकरणाचा प्रश्न नाही. या प्रजातींची प्रकाश व उष्णता सोसण्याची क्षमता भिन्न असते; एकाच जातीच्या दोन प्रवाळ वसाहती एकाच दिव्याखाली वेगळ्या वागतात, याचे एक कारण येथे असावे.

समुद्रात तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो. निळा खोलवर पोहोचतो. शैवलांतील हरितद्रव्ये अ व क२ आणि पेरिडिनीन ही रंगद्रव्ये मुख्यतः ४०० ते ५५० नॅनोमीटर पट्ट्यात प्रकाश शोषतात. म्हणून या दिव्यांत निळ्या प्रकाशाचे प्रमाण जास्त ठेवतात.

निळ्या प्रकाशात प्रवाळे हिरवी-तांबडी चमकतात, ती प्रतिदीप्त, म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकणाऱ्या, प्रथिनांमुळे. डिस्कोसोमा या छत्री प्रवाळातील तांबडे प्रथिन १९९९ मध्ये वर्णिले गेले. या प्रथिनांच्या कार्याविषयी मतभेद आहेत. उथळ पाण्यात ती जादा प्रकाशापासून शैवलांचे रक्षण करतात, असे मत २००० मध्ये मांडले गेले. खोल पाण्यात ती निळ्याचे नारिंगी-तांबड्यात रूपांतर करून शैवलांना उपयुक्त प्रकाश पुरवितात, असे दुसरे मत. चमक पाहून भक्ष्य आकर्षित होते, असे तिसरे. उथळ पाण्यातील जातींपुरते पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र चमक हे आरोग्याचे लक्षण समजू नये.

दिव्याचे वॉट किंवा लक्समापकाचे वाचन येथे फसवे ठरते, कारण लक्स हे एकक मानवी डोळ्यास अनुसरते व डोळा निळ्यास कमी प्रतिसाद देतो. ४००–७०० नॅनोमीटर पट्ट्यातील प्रकाशकणांची संख्या प्रवाळाच्या जागीच मोजावी. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्रपृष्ठावर ती सुमारे २,००० मायक्रोमोल प्रति चौ. मी. प्रति सेकंद असते. जलजीवालयात छत्री प्रवाळे व मृदू प्रवाळांना साधारण ५०–१५०, मोठ्या मुखांच्या कठीण प्रवाळांना त्याच्याच आसपास आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या शाखायुक्त जातींना २००–४०० इतके प्रमाण बहुधा पुरते. एकाच टाकीत वरच्या खडकावर व तळाशी या मूल्यांत कित्येक पटींचा फरक पडतो. त्यामुळे दिव्याइतकीच जागेची निवडही महत्त्वाची.

मेटल हॅलाइड दिवे तीव्र प्रकाश व पाण्यावर लहरती किरणे देतात, पण पाणी तापवितात. टी५ या बारीक प्रतिदीप्ती नळ्यांचा प्रकाश पसरट असल्याने सावल्या कमी पडतात. एलईडीत प्रत्येक रंगाची तीव्रता बदलता येते. तिचा प्रकाश बिंदुवत् असल्याने फांद्यांखाली गडद सावली पडते, म्हणून दोन-तीन दिवे वापरणे बरे.

प्रकाशकाल सामान्यतः ८ ते १० तास. प्रकाश कमी पडल्यास शैवलांतील रंगद्रव्य वाढून प्रवाळ तपकिरी होते. अति झाल्यास प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेस इजा पोहोचते, क्रियाशील ऑक्सिजन साचतो, शैवले बाहेर टाकली जातात व पांढरा सांगाडा दिसू लागतो. पहिली स्थिती सावकाश सुधारते, दुसरीत वसाहत मरू शकते. म्हणून नवे प्रवाळ प्रथम तळाशी ठेवून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वर घेतात. वर्षभर वापरलेल्या नळ्या एकदम बदलल्यासही असाच धक्का बसतो, तेव्हा त्या काही दिवसांच्या अंतराने एकेक करून बदलतात.