पायथा कापलेला डोंगर आणि जुलैचा पाऊस

जुलै २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या. त्याच दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच जिल्ह्यातल्या माण या दुष्काळी तालुक्यात एवढा पाऊस पडायला अख्खं वर्ष जातं. असा पाऊस झाला तर न खोदलेला डोंगरही सुटतो. पण घाटरस्त्यांवर दर पावसाळ्यात जी दरड येते, तिला एवढा पाऊस लागत नाही. तिची तयारी रस्त्यासाठी डोंगर कापतानाच झालेली असते.

ही तयारी जुनी आहे. पूर्वीच्या पाऊलवाटा, बैलांच्या तांड्यांच्या वाटा डोंगराची सोंड धरून चढायच्या. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वर थंड हवेचं ठिकाण झालं, पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली घाटांतून गाडीरस्ते गेले. गाडीला रुंदी हवी आणि चढ बेताचा हवा, म्हणून डोंगराच्या कुशीत खाच मारावी लागली. ते काम पहारी-सुरुंगाचं, सावकाश चालणारं होतं. आता पोकलेन काही दिवसांत उभा कडा तासून मोकळा होतो. कास पठाराचं नाव २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. त्या वाटेवर गर्दी वाढली, तशी उतारावर जागा सपाट करून बांधकामंही वाढली.

सह्याद्री म्हणजे बेसॉल्टचे एकावर एक थर. माथ्यावर बऱ्याच ठिकाणी सच्छिद्र जांभा, उतारावर मुरूम आणि माती, काही थरांच्या मधे तांबड्या मातीचे पट्टे. पाणी जांभ्यातून, भेगांतून आत उतरतं आणि चिकण थराशी अडतं. उन्हाळ्यात मुरमाची उभी कापणी, म्हणजे डोंगराची तासलेली बाजू, भिंतीसारखी ताठ उभी राहते, कारण कणांमधला थोडासा ओलावा त्यांना धरून ठेवतो. सगळ्या फटी पाण्याने भरल्या की ही पकड सुटते. माती जड होते आणि आतल्या पाण्याचा दाब कणांमधलं घर्षण कमी करतो. हा दाबाचा हिशोब मातीचा अभ्यास करणारे अभियंते कार्ल तेर्झागी यांनी १९२०च्या दशकात मांडला. न खोदलेल्या डोंगरात वरचा भार पायथा पेलतो. आपण नेमका तोच कापलेला असतो.

म्हणून जूनच्या पहिल्या सरींपेक्षा, आठवडाभराच्या संततधारेनंतर येणारी जोराची सर जास्त घातक. पाऊस उघडला तरी आतलं पाणी वाहतच असतं, त्यामुळे उघडीप मिळाल्यावरही दरड येऊ शकते. घरामागच्या उतारावर भेग पडली, झाडं कलली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर त्या घरात रात्र काढू नये.

मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती कापणीपुढे घाईने बांधलेल्या काँक्रीटच्या भिंतींची. माथ्यावर पाणी वळवणारा चर नाही, भिंतीत पाणी निघायला भोकं नाहीत. अशा भिंतीमागे पाणी तुंबतं, आणि ती कोसळते तेव्हा मागची माती आणि पुढचं काँक्रीट एकदमच रस्त्यावर येतं.