स्टीलच्या माशावर तपकिरी डाग दिसले, तर आधी हे वाचा

पावसाळा संपला की आम्हाला हमखास एकच फोन येतो: "तुम्ही स्टेनलेस म्हणाला होतात, मग माशाला गंज कसा चढला?" किनाऱ्यावरच्या प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करण्यासाठी ज्या ग्रामपंचायतींनी, शाळांनी आमच्याकडून जाळीदार पोटाचे स्टीलचे मासे, म्हणजे माशाच्या आकाराची शिल्पं, करून नेले, त्या सगळ्यांसाठी हे उत्तर.

बहुतेक वेळा डाग वरवरचा असतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ स्टीलवर बसून राहतं आणि चहा सांडल्यासारखा रंग धरतं. भांड्यांचा साबण, मऊ फडकं आणि भरपूर गोडं पाणी, एवढं पुरतं. खाडीलगतच्या बोअरचं मचूळ पाणी मात्र नको, विहिरीचं आणा.

खरं नुकसान करते ती तारेची घासणी आणि संडास धुवायचं ॲसिड. स्टेनलेसमधल्या क्रोमियममुळे तयार झालेला, डोळ्यांना न दिसणारा पातळ थर गंज अडवून धरतो. ॲसिडमधलं क्लोराइड तोच थर फोडतं. घासणीच्या लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि मग ते गंजतात. असाच ॲसिडने 'चकाचक' केलेला एक मासा आमच्याकडे परत आला. कल्ल्याजवळच्या वेल्डवर सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे, बोट फिरवलं की खरखर लागायची. असे खड्डे बफिंगने, म्हणजे पॉलिश करून, जात नाहीत. पट्ट्या कापून नव्या बसवल्या, त्यात आठवडा गेला आणि खर्च ग्राहकाच्या माथी आला.

आमचा दर जास्त का, हेही विचारलं जातं. किनाऱ्यासाठी आम्ही ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील वापरत नाही, ३१६ ग्रेडचं वापरतो. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून ते मिठापुढे जास्त टिकतं. शिवाय वेल्डिंगचा निळसर काळा पट्टा पिकलिंग पेस्टने, म्हणजे वेल्डवर लावायच्या खास लेपाने, काढल्याशिवाय आम्ही माल बाहेर पाठवत नाही. त्याला वेळ लागतो, पण गंजाची सुरुवात नेमकी तिथूनच होते.

आणि पोट वेळेवर रिकामं करा. ओल्या बाटल्या, वाळू, शेवाळ साचलं की खालची जाळी सतत मिठात राहते. समुद्रातले मासे प्लास्टिक गिळतात, हे लोकांना दिसावं म्हणून आपण हा मासा उभा केला. त्याच्याच पोटातला कचरा वाऱ्याने परत पाण्यात जाऊ देऊ नका.

मे महिन्यात आणि दसऱ्यानंतर आम्ही धुलाई आणि वेल्डची तपासणी करून देतो. पहिल्या वर्षीच्या दोन्ही फेऱ्या बिलातच धरलेल्या आहेत. दुसऱ्या कुणी बनवलेलं शिल्प असलं तरी बघायला येऊ. डाग दिसला तर घासायच्या आधी जवळून काढलेला फोटो पाठवा.