क्रिस्तियान्सबोर्ग की क्रिस्तियान्सहाउन? कोपनहेगनच्या एका पुलाची दोन टोकं

माझा मामेभाऊ पहिल्यांदा कोपनहेगनला आला तेव्हा ठरलं होतं, सकाळी दहाला क्रिस्तियान्सबोर्गच्या दारात भेटायचं. पावणेदहाला त्याचा फोन आला. "ताई, राजवाडा कुठल्या बाजूला? इथे तर कालवा आहे आणि नुसत्या होड्याच होड्या." तो मेट्रोतून क्रिस्तियान्सहाउनला उतरला होता. नकाशावर नावाचा पहिला अर्धा भाग जुळला आणि त्याने गृहीत धरलं की हेच ते. पूल ओलांडून माझ्यापर्यंत यायला त्याला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांच्या वाटेवर डेन्मार्कचा जवळजवळ सगळा इतिहास उभा आहे, म्हणून हा घोळ नीट सोडवून सांगावासा वाटतो.

आधी नावाचं शेपूट बघा. 'बोर्ग' म्हणजे गड, कोट. 'हाउन' म्हणजे बंदर. खुद्द कोपनहेगनचं डॅनिश नाव 'कोबनहाउन', म्हणजे व्यापाऱ्यांचं बंदर, त्यातही हेच हाउन आहे. एवढं लक्षात राहिलं तरी अर्धी चुकामूक टळते. शहरात अमालियनबोर्ग आणि रोझनबोर्ग आहेत, तेही राजांचेच. अमालियनबोर्गमध्ये राजघराणं राहतं आणि रोझनबोर्गमध्ये राजमुकुट ठेवलेत.

खरा गोंधळ पहिल्या अर्ध्यात आहे, कारण दोन्हीकडचा क्रिस्तियान एक नाही. डेन्मार्कच्या गादीवर 1513 पासून 1972 पर्यंत आळीपाळीने क्रिस्तियान आणि फ्रेडरिक हीच दोन नावं बसत आली. मग दुसरी मार्गरेट राणी झाली आणि 2024 मध्ये तिचा मुलगा दहावा फ्रेडरिक आला. त्याच्या मुलाचं नाव पुन्हा क्रिस्तियानच आहे. त्यामुळे इथे नुसतं 'क्रिस्तियानने बांधलं' म्हणून भागत नाही, कितवा ते विचारावंच लागतं. हाउन वसवलं चौथ्या क्रिस्तियानने, 1618 च्या आसपास. बोर्ग बांधायला घेतला सहाव्याने, 1733 मध्ये. मध्ये शंभराहून जास्त वर्षं गेली.

बोर्ग उभा आहे त्या बेटाला स्लॉट्सहोल्मन म्हणतात, म्हणजे गडाचं बेट. तिथे जाल तेव्हा आधी वर बघू नका, खाली उतरा. राजवाड्याच्या तळघरात जुन्या किल्ल्यांचे अवशेष जपून ठेवलेत. 1167 च्या सुमारास बिशप अब्सालोनने इथे चुनखडीच्या दगडांचा कोट बांधला. त्या तटाचा पांढरट दगड आजही अगदी हाताच्या अंतरावर दिसतो. 1369 मध्ये ल्युबेक आणि हान्सा या व्यापारी संघातल्या इतर शहरांनी तो कोट जमीनदोस्त केला, कारण या किनाऱ्यावर गड असणाऱ्याच्या हातात त्यांच्या जहाजांची वाट होती. त्यावर पुढे दुसरा किल्ला आला, त्यात 'निळा बुरूज' नावाचा तुरुंग होता. चौथ्या क्रिस्तियानची स्वतःची मुलगी लिओनोरा क्रिस्तिना या बुरुजात 22 वर्षं कैदेत होती. बापाने बंदर वसवलं, आणि ते बंदर जिथून हाकेच्या अंतरावर, तिथेच मुलीची इतकी वर्षं भिंतीत गेली. त्या पायाच्या दगडांपाशी मी दर वेळी थोडी थांबतेच.

सहाव्या क्रिस्तियानने हा जुना किल्ला पाडून भव्य महाल बांधला. तो 1794 मध्ये जळाला. बेघर झालेल्या राजघराण्याने चार सरदारांचे वाडे विकत घेतले, तेच आजचं अमालियनबोर्ग. पुढे सातवा फ्रेडरिक काही वर्षं क्रिस्तियान्सबोर्गमध्ये राहिला तेवढाच, एरवी राजघराणं तिथे परतलं नाही. दुसरा क्रिस्तियान्सबोर्ग 1828 मध्ये पुरा झाला आणि 1884 मध्ये तोही जळाला. आज दिसतो तो तिसरा, 1907 ते 1928 मध्ये बांधलेला. पहिल्यातलं आजही शाबूत काय, तर मागचं घोड्यांचं मैदान. राजाचे घोडे अजून तिथे फिरवतात.

म्हणजे ज्याला आपण राजवाडा म्हणून शोधत जातो तिथे राजा राहतच नाही. इथे संसद भरते, पंतप्रधानांचं कार्यालय इथेच आणि सर्वोच्च न्यायालयही. राजा येतो तो लोकांच्या भेटीगाठींसाठी आणि मेजवान्यांना. जानेवारी 2024 मध्ये दहाव्या फ्रेडरिकच्या नावाची द्वाही याच इमारतीच्या सज्जातून फिरली, आणि ती फिरवली पंतप्रधानांनी. आतल्या मोठ्या दिवाणखान्यात मार्गरेट राणीच्या पन्नाशीनिमित्त भेट दिलेले 17 विणलेले पडदे आहेत, हजार वर्षांचा इतिहास भडक निळ्या-लाल रंगांत. बुटांवर प्लास्टिकचे मोजे चढवून आत सोडतात. मनोऱ्यावर जायला पैसे पडत नाहीत.

आता पूल. क्निपल्सब्रो नावाचा हा उघडझाप होणारा पूल 1937 चा, तांब्याचे हिरवट बुरूज असलेला. पण त्याच्याही आधी इथे पूल होता, कारण नवी वस्ती जुन्या शहराला जोडायचीच होती. पलीकडचं क्रिस्तियान्सहाउन उथळ पाण्यात भराव घालून तयार केलेली जमीन आहे. आखणी डच माणसाची, म्हणून मधोमध सरळ कालवा, दोन्ही बाजूंना अरुंद घरं आणि भोवती तटबंदी. सुरुवातीला हे वेगळं गाव होतं, 1674 मध्ये कोपनहेगनमध्ये सामील झालं. इथे वाडे नाहीत, वखारी आहेत. स्ट्रान्डगेड रस्त्याने चाललात की उंच गोदामं आणि माल वर ओढायच्या दरवाजांच्या रांगा दिसतात. बोर्गमध्ये सत्ता कुणाकडे हा प्रश्न असायचा, इथे जहाज परत आलं का हा.

मराठी माणसाने या रस्त्यावर जरा जास्त वेळ घालवावा. क्रिस्तियान्सहाउन भरावावर उभं राहत होतं त्याच सुमारास, 1616 मध्ये, चौथ्या क्रिस्तियानने डॅनिश ईस्ट इंडिया कंपनीला परवाना दिला. 1618 मध्ये ओवे गेड्डेच्या हाताखाली जहाजं निघाली आणि 1620 मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला डॅनिश वखार आली. तिथल्या किल्ल्याचं नाव डान्सबोर्ग, पुन्हा तोच बोर्ग. काही दशकांनी तंजावर व्यंकोजी राजांच्या हाती आलं, आणि मग तरंगमबाडीचा वार्षिक खंड भोसल्यांच्या दरबारी जाऊ लागला. म्हणजे या बंदरातून निघालेल्या व्यापाऱ्यांना समुद्राच्या त्या टोकाला मराठी राजाचं मन सांभाळावं लागत होतं. पुढे 1732 मध्ये आशियाटिक कंपनी निघाली, तिला सनद दिली सहाव्या क्रिस्तियानने, त्याच बोर्गवाल्याने. चीनचा चहा आणि चिनी मातीची भांडी तिच्या जहाजांतून इथे उतरत. तिच्या वखारी आशियाटिस्क प्लाड्सवर अजून आहेत, आणि आज त्या जागेत डेन्मार्कचं परराष्ट्र मंत्रालय आहे. तरंगमबाडी 1845 मध्ये इंग्रजांना विकली.

इतकं वाचून बोर्ग म्हणजे राजा आणि हाउन म्हणजे समुद्र अशी चोख वाटणी करावीशी वाटेल, पण ती टिकत नाही. स्लॉट्सहोल्मनवर जुन्या शस्त्रागाराच्या मागे शाही ग्रंथालयाची बाग आहे, झाडांच्या सावलीतली, फार शांत. तिथल्या भिंतींत जाडजूड लोखंडी कड्या रोवलेल्या दिसतात. त्या कशासाठी ते बागेत बसून कळत नाही. ही बाग म्हणजे चौथ्या क्रिस्तियानच्या आरमाराचं बुजवलेलं बंदर आहे आणि त्या कड्यांना लढाऊ जहाजं बांधत. त्याच बेटावर त्याने व्यापाऱ्यांसाठी बोर्सन, म्हणजे सौद्यांचा बाजार, बांधलं. शेपट्या एकमेकांत पिळलेल्या चार ड्रॅगनांचा त्याचा मनोरा एप्रिल 2024 च्या आगीत कोसळला. कालव्यापलीकडचं होल्मन्स चर्च मुळात नांगर घडवायची भट्टी होती, 1619 मध्ये खलाशांसाठी तिचं देऊळ झालं, आणि 1967 मध्ये मार्गरेटचं लग्न तिथेच लागलं.

उलट दिशेनेही तसंच. हाउनमध्ये वोर फ्रेल्सर्स चर्च आहे, 1696 चं, म्हणजे आणखी एका क्रिस्तियानच्या, पाचव्याच्या काळातलं. आतला प्रचंड ऑर्गन दोन हत्तींच्या पाठीवर तोललेला आहे. हत्ती हे डेन्मार्कच्या सर्वोच्च राजसन्मानाचं चिन्ह, आणि या राजाला त्याचं फार कौतुक. खलाशांच्या पेठेत, उत्तरेच्या थंडीत, हत्ती ऑर्गन सावरून उभे असलेले बघताना आपल्या पोटात काहीतरी हलतं. वरचा मनोरा 1752 चा. एकूण 400 पायऱ्या, त्यातल्या शेवटच्या 150 बाहेरून, मनोऱ्याला वेढा घालत चढणाऱ्या आणि निमुळत्या होत गेलेल्या. पीळ उलटा पडला म्हणून वास्तुरचनाकाराने वरून उडी मारली असं लोक सांगतात, पण तसं काही झालं नाही.

चालायचा क्रम विचाराल तर मी भावाला घेऊन गेले तसाच सांगेन: तळघरातून सुरुवात, मग ग्रंथालयाच्या बागेतल्या कड्या, बोर्सन, पूल, स्ट्रान्डगेड आणि शेवटी मनोरा. रमतगमत गेलात तर अख्खा दिवस जातो आणि जाऊ द्यावा. फक्त एक, वारा-पाऊस असला की मनोऱ्याच्या बाहेरच्या पायऱ्या बंद ठेवतात. सकाळी आकाश मोकळं दिसलं तर सरळ माझ्या भावासारखं क्रिस्तियान्सहाउनला उतरा, आधी मनोरा चढून घ्या आणि मग पूल ओलांडून बोर्गकडे या.