अभियांत्रिकी जर्नलांचे प्रभावमापन

जर्नलमधल्या शोधनिबंधांचा पुढच्या संशोधकांनी किती वेळा संदर्भ दिला, यावरून त्या जर्नलचे वजन ठरवण्याची पद्धत. अमेरिकी माहितीतज्ज्ञ युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली, कोणत्या निबंधाचा संदर्भ पुढे कोणी दिला याची सूची ठेवण्याची कल्पना मांडली. त्यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेने १९७५ पासून जर्नलांचे वार्षिक अहवाल काढले आणि त्यांतून ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ रूढ झाला. कोणती जर्नल घ्यावीत हे ग्रंथपालांना ठरवता यावे, हा तेव्हा त्याचा एक मोठा उपयोग होता.

गणित सोपे आहे. समजा, एका जर्नलमध्ये २०२२ आणि २०२३ मिळून २०० निबंध आले आणि २०२४ मध्ये त्यांना ५०० संदर्भ मिळाले, तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर २.५.

अभियांत्रिकीत खरी अडचण या दोन वर्षांच्या मुदतीची आहे. बॅटरी किंवा नॅनोपदार्थांवरचा निबंध काही महिन्यांतच संदर्भात येऊ लागतो. काँक्रीटच्या दीर्घकालीन विरूपणाचे (भाराखाली हळूहळू होणाऱ्या आकारबदलाचे) प्रयोगच मुळी वर्षानुवर्षे चालतात. त्यावरचा चांगला निबंध वीस वर्षांनीही उपयोगी पडतो, पण तोवर मोजणी संपलेली असते. म्हणून स्थापत्य आणि पदार्थविज्ञानातील जर्नलांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे चूकच. ‘स्निप’ हा निर्देशांक विषयागणिक पडणारा हा फरक हिशेबात धरतो, ‘एसजेआर’ संदर्भ देणाऱ्या जर्नलची प्रतिष्ठाही पाहतो, तर स्कोपस या शोधनिबंधांच्या माहितीसंचावर आधारलेला ‘साइटस्कोअर’ चार वर्षांची मुदत घेतो.

यांपैकी एकाही आकड्यात प्रत्यक्ष वापर दिसत नाही. निबंधातले सूत्र बांधकामाच्या नियमांच्या मानक संहितेत गेले की पुलाचा आराखडा करणारा अभियंता संहितेचे कलम लिहितो, मूळ निबंधाचे नाव नाही. अभियांत्रिकीचा सर्वांत मोलाचा प्रभाव असा नोंदीबाहेरच राहतो. संगणकशास्त्रात तर अनेक उत्तम निबंध जर्नलऐवजी परिषदांत सादर होतात.

जर्नलला मिळालेले बहुतेक संदर्भ त्यातल्या थोड्याच निबंधांच्या वाट्याचे असतात. त्यामुळे सरासरीवरून एखाद्या निबंधाची किंवा प्राध्यापकाची पारख करता येत नाही. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने अशा वापराला स्पष्ट विरोध केला. भारतात मात्र नेमणुका आणि बढत्या प्रकाशनांशी जोडल्या गेल्या आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बोगस जर्नलांना ऊत आला. त्यांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी आणली. तिच्या कामाचे एक केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होते. २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद केली आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर सोपवली.