'मणक्यात गॅप' म्हणजे नेमके काय? एका निदानाच्या नावामागची पार्श्वभूमी

कंबरदुखीच्या रुग्णाच्या तोंडी तीन वाक्ये हमखास असतात: मणक्यात गॅप आली आहे, गादी (दोन मणक्यांमधली चकती, म्हणजे डिस्क) सरकली आहे, नस दबली आहे. ही तिन्ही एकाच अर्थाने बोलली जातात, पण ती तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात आणि त्यांतले पहिले तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. गादीतले पाणी घटून तिची उंची कमी झाली की क्ष-किरण चित्रात दोन मणक्यांमधली जागा अरुंद दिसते. म्हणजे तेथे गॅप येत नाही, असलेली गॅप कमी होते. हा गुंता बोलभाषेपुरता असता तर त्याची एवढी दखल घ्यावी लागली नसती, पण वैद्यकाच्या परिभाषेतही तो गेली नव्वद वर्षे चालत आला आहे.

 येथे गादीची घडण तेवढी लक्षात घ्यावी. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये गादी नसते. त्यांच्या खालपासून त्रिकास्थीपर्यंत (कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडापर्यंत) अशा 23 गाद्या असतात. गादी आडवी कापून पाहिली, तर कडेला कांद्याच्या पापुद्र्यांसारखी तंतूंची वर्तुळे दिसतात. एका पापुद्र्यातले तंतू एकीकडे तिरके असतात, तर त्याला लागून असलेल्या पापुद्र्यातले उलट दिशेला. मध्यभागी गर असतो, जो तरुण वयात पाणीदार आणि जेलीसारखा असतो व उतारवयात कोरडा, तंतुमय होत जातो. वरून आणि खालून कूर्चेच्या (मऊ, लवचीक हाडाच्या) पातळ थरांनी गादी दोन्ही मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे ती पुस्तकांच्या चळतीतून एखादे पुस्तक बाहेर यावे तशी सरकू शकत नाही. प्रत्यक्षात पापुद्र्यांना भेग पडते आणि त्या भेगेतून गर मागच्या बाजूला, बहुधा मध्यरेषेच्या जरा डावी-उजवीकडे, ढकलला जातो. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधला गर असा बाहेर आला, तर सहसा कमरेतून पायात जाणाऱ्या पाचव्या मज्जातंतूचे मूळ दाबले जाते, म्हणजेच 'नस दबते', आणि रुग्णाला पायाचा अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो.

प्राचीन वैद्यकाला गादीच्या या आजाराची कल्पना नव्हती. कण्याच्या बाकांसाठी आजही वापरले जाणारे ग्रीक शब्द इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या ग्रंथांत आढळतात, पण ते बाहेरून दिसणाऱ्या आकारावरून दिलेले होते. नेपल्समधल्या एका वैद्याने 1764 मध्ये नितंबापासून पायात उतरणारी कळ सांध्याच्या दुखण्यापासून वेगळी काढून मज्जातंतूशी जोडली. मात्र मज्जातंतूला नेमके काय होते, हे त्यालाही सांगता आले नाही. क्ष-किरणांचा शोध 1895 मध्ये लागला, पण त्यांत हाडे उमटतात, गादी उमटत नाही. साहजिकच पुढची तीन-चार दशके दोष हाडांवर आणि सांध्यांवरच येत राहिला.

खरी कलाटणी 1934 सालची आहे. बॉस्टनमधल्या एका अस्थिशल्यविशारदाने आणि एका मज्जाशल्यविशारदाने 19 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. 1932 मध्ये एका तरुण रुग्णाच्या कण्यातून काढलेल्या गाठीला आधी कूर्चेचे अर्बुद (ट्यूमर) असे नाव मिळाले होते. ती गाठ म्हणजे गादीचाच तुकडा असल्याचे लक्षात आल्यावर जुने जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासण्यात आले आणि अर्बुद म्हणून नोंदलेले अनेक तुकडेही गादीचेच निघाले. त्या लेखाच्या शीर्षकात गादीचे 'फाटणे' असा शब्द होता आणि तो बराचसा अचूक होता. पुढे तो मागे पडला आणि 'सरकणे' रूढ झाले. माझ्या मते या एका शब्दाने रुग्णांचे फार नुकसान केले, कारण जे सरकते ते ढकलून जागेवर बसवता येईल, अशी आशा त्यातून आपोआप निर्माण होते.

त्यानंतरची काही दशके कंबरदुखी म्हणजे गादी आणि गादी म्हणजे शस्त्रक्रिया, असे समीकरण बनले. नॉर्वेत झालेल्या आणि 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत शस्त्रक्रिया झालेले रुग्ण वर्षभरानंतर शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा अधिक बरे दिसले, परंतु चार वर्षांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. दरम्यान एमआरआय आला आणि गादी थेट दिसू लागली. 1994 मध्ये कंबरदुखी नसलेल्या 98 व्यक्तींची चित्रे तपासली गेली, तेव्हा 52 टक्के लोकांमध्ये किमान एका गादीला फुगवटा होता, 27 टक्के लोकांमध्ये गादीचा भाग एका जागी पुढे आलेला होता आणि सगळ्या गाद्या निर्दोष असलेले केवळ 36 टक्के होते. ज्यांना काहीही दुखत नव्हते, त्यांच्या अहवालांत आता रोगाची नावे दिसू लागली होती.

त्यामुळे नावांचा अर्थ ठरवणे भाग पडले. उत्तर अमेरिकेतल्या तीन व्यावसायिक संघटनांनी 2001 मध्ये एक परिभाषा मान्य केली आणि 2014 मध्ये ती सुधारली. वादाचा मुद्दा या सुधारणेत आहे. गादीची कड परिघाच्या किती भागात बाहेर आली, यावरून 'फुगवटा' (कड रुंद भागात बाहेर) आणि 'हर्निएशन' (गादीचा भाग मर्यादित जागी बाहेर) यांत फरक केला जातो. 2001 मध्ये ही सीमा निम्म्या परिघावर, म्हणजे 180 अंशांवर होती. 2014 मध्ये ती पाव परिघावर, म्हणजे 90 अंशांवर आणली गेली. परिणाम असा की ज्या गादीची कड परिघाच्या एक तृतीयांश भागात बाहेर आली आहे, ती जुन्या व्याख्येने हर्निएशन ठरत होती आणि नव्या व्याख्येने नुसता फुगवटा ठरते. चित्र तेच, रुग्ण तोच आणि दुखणेही तेच असताना अहवालातला शब्द बदलला. जुन्या अभ्यासांतली टक्केवारी नव्या अहवालांशी ताडून पाहताना हे विसरले जाते. 90 अंशांची रेषा शरीरात कुठेही आखलेली नाही. ती चर्चेतून ठरलेली आहे. तरीही मला ही सुधारणा योग्य वाटते, कारण तिने गंभीर शब्दाची व्याप्ती कमी केली. याच सुधारणेत पापुद्र्यांच्या 'फाटण्या'ऐवजी 'भेग' म्हणावे असे सुचवले गेले, कारण फाटणे म्हटले की इजा झाली असे गृहीत धरले जाते. या संज्ञा चित्राचे वर्णन करतात, दुखण्याचे कारण किंवा उपचाराची गरज सांगत नाहीत, असेही त्या परिभाषेत स्पष्ट म्हटले आहे. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या अहवालात हे वाक्य छापले गेले असते, तर कितीतरी भीती टळली असती.

जे खरोखर सरकते, ते हाड. एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे घसरण्याच्या विकाराची नोंद 1782 मध्ये एका प्रसूतितज्ज्ञाने केली, कारण त्यामुळे प्रसूतीची वाट अडत होती. त्याला 'स्पॉन्डिलोलिस्थेसिस' हे आजचे नाव 1854 मध्ये मिळाले. गादी आणि मणका या दोहोंसाठी आपण 'सरकणे' हे एकच क्रियापद वापरतो, त्यामुळे रुग्णाला आपल्याला यांपैकी काय झाले आहे हे अनेकदा कळत नाही. कणा बाजूला वाकण्याच्या विकारातही सीमा अशीच संकेताने ठरलेली आहे: 1948 मध्ये रूढ झालेल्या पद्धतीने मोजलेला कोन 10 अंश किंवा त्याहून जास्त असेल, तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात.

गादीच्या बाबतीत नाव आणि पुढची वाटचाल यांचा मेळ तर आणखीच कमी आहे. गादीपासून पूर्ण सुटलेला तुकडा अहवालात सर्वांत भीतिदायक वाटतो, पण शरीराच्या भक्षक पेशी अशाच तुकड्याला अधिक सहजपणे संपवतात आणि काही महिन्यांत तो आकसल्याचे पुढच्या चित्रात अनेकदा दिसते. याला अपवाद आहे तो कण्याच्या तळाशी असलेला मज्जातंतूंचा जुडगा दाबला जाण्याचा. तेव्हा लघवीवरचा ताबा जातो आणि मांड्यांच्या आतला व बैठकीचा भाग बधिर होतो. अशा वेळी अहवालात कोणताही शब्द असो, रुग्णाला तातडीने शस्त्रक्रियेसाठी न्यावे लागते.