सोया दुधाचा कच्चट वास कुठून येतो?

इंदूरच्या रामबाग-राजेंद्रनगरातल्या मराठी घरांना सोयाबीनची नवलाई नाही. पावसाळ्यात शहराबाहेर पडलं की काळ्या मातीत दुतर्फा तेच दिसतं. तरी घरी काढलेलं सोया दूध पहिल्या घोटालाच नकोसं होतं, ते त्या हिरवट, कच्चट वासामुळे. कोरडा दाणा हुंगला तर तो वास जवळजवळ येतच नाही. भिजवलेला दाणा मिक्सरमध्ये फुटला, की काही सेकंदांत तयार होतो. कापलेल्या गवताच्या वासाचा हा सख्खा भाऊच.

पानांतल्या या वासाचा माग बराच जुना आहे. कुर्टिउस आणि फ्रान्त्सेन यांनी १९१२ मध्ये हॉर्नबीम या युरोपीय झाडाच्या पानांतून या वासाचं, सहा कार्बनांचं अल्डिहाइड ओळखलं. १९३२ मध्ये आंद्रे आणि हौ यांना सोयाबीनमध्येच ते विकर (एन्झाइम) सापडलं, जे तेलाच्या आम्लाला ऑक्सिजन जोडतं. त्याला आज लिपॉक्सिजनेज म्हणतात. दाणा अखंड असतो तोवर तेल आणि विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पेशी फुटल्या आणि पाणी मिळालं, की अठरा कार्बनांच्या साखळीला ऑक्सिजन चिकटतो आणि दुसरं विकर तिचा सहा कार्बनांचा तुकडा पाडतं. सोयाबीनच्या तेलात लिनोलेइक आम्ल जास्त, म्हणून दुधात हेक्झानल, म्हणजे कच्चट वासाचं सहा कार्बनांचं अल्डिहाइड. पानात लिनोलेनिक जास्त, म्हणून गवताचा ताजा वास.

झाडं एकमेकांचे असे वास ‘ऐकतात’ का, हा वाद १९८३ मध्ये पेटला. बाल्डविन आणि शुल्ट्झ यांनी पॉप्लर आणि मेपलच्या रोपांची पानं फाडली, तेव्हा त्याच बंद खोलीतल्या धडधाकट रोपांतही बचावाची रसायनं वाढली. प्रयोगाच्या मांडणीवर कडक टीका झाली, आणि ती गैर नव्हती. पक्कं उत्तर १९९० मध्ये मिळालं. फार्मर आणि रायन यांनी सेजब्रश या रानझुडपाच्या फांद्या आणि टोमॅटोची रोपं एकाच बंद भांड्यात ठेवली. फांद्यांतून निघालेल्या मिथाइल जास्मोनेटने टोमॅटोच्या पानांत अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं साठू लागली. हा रेणू १९६२ मध्ये चमेलीच्या तेलात सापडला होता, म्हणजे मुळात अत्तराच्या दुनियेतला. त्याचीही सुरुवात लिपॉक्सिजनेजनेच होते.

पचन रोखणारं तसंच एक प्रथिन कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये सोयाबीनमधून स्फटिकरूपात काढलं होतं. वास आणि हे प्रथिन, स्वयंपाकघरातल्या या दोन्ही अडचणी झाडाच्या बचावाच्याच घराण्यातल्या. आपण त्यांना दोष म्हणतो, हे मला थोडं अन्यायाचं वाटतं.

वास टाळायचा तर विकर आधी मारायचं, दाणा नंतर फोडायचा. लोक रात्रभर भिजवून गार पाण्यात वाटतात आणि मग उकळतात. तोवर हेक्झानल प्रथिनांना धरून बसलेलं असतं, उकळी ते पूर्ण काढत नाही. म्हणून भिजलेले दाणे निथळून थेट खळखळत्या पाण्यात टाका. लिटरला सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, खायचा सोडा. पाच मिनिटांनी पाणी ओतून द्या आणि वाटतानाही उकळतंच पाणी घाला, वाटण ८० अंशांखाली जाऊ देऊ नका. मिक्सरचं भांडं अर्धंच भरा, वाफेने झाकण उडतं. दाणे फार वेळ उकळले तर प्रथिनं दाण्यातच घट्ट बसतात, चोथा वाढतो, दूध पातळ निघतं. गाळलेलं दूध पुन्हा पंधरा-वीस मिनिटं उकळा. दळणात घालायचं तर दाणे वीस-पंचवीस मिनिटं उकळून, कडकडीत वाळवून, नऊ किलो गव्हाला एक किलो घ्या.

इंदूरच्या खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने, जी १९८७ पासून तिथे आहे, हाच प्रश्न बियाण्यात सोडवायला घेतला. हेक्झानलला मुख्यतः जबाबदार असलेलं लिपॉक्सिजनेज-२ ‘एनआरसी १३२’ या वाणामध्ये नाही, कुनिट्झचं प्रथिन ‘एनआरसी १२७’मध्ये नाही, आणि ‘एनआरसी १४२’मध्ये दोन्ही नाहीत. पानांतली लिपॉक्सिजनेजं वेगळ्या जनुकांची, म्हणून पानांचा बचाव त्यामुळे जात नाही. ‘एनआरसी १४२’मध्येही बोमन-बर्क नावाचं दुसरं पचनरोधक प्रथिन उरतंच, त्यामुळे या वाणाचं दूधही नीट उकळूनच घ्यायचं.